स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांमध्ये शिडाच्या बोटीवरून व्हेल-डॉल्फिनचा सर्व्हे: व्हॉलंटियर म्हणून कुणी गेलंय का?

अवनीची_आई

नमस्कार मंडळी, मी रेडिंगला राहते, लेक युनिव्हर्सिटीत गेली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उन्हाळ्याची सुट्टी फक्त स्वतःसाठी घ्यायचा विचार चाललाय. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला मल बेटावर टोबरमोरी नावाचं गाव आहे, तिथे हेब्रिडियन व्हेल अँड डॉल्फिन ट्रस्ट म्हणून संस्था आहे, त्यांची सिल्युरियन नावाची शिडाची बोट आहे आणि त्या बोटीवर तुमच्या-माझ्यासारख्या लोकांना घेऊन ते व्हेल, डॉल्फिन, बास्किंग शार्क वगैरेंचा सर्व्हे करतात. बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं आणि दिवसभर काम करायचं. वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

आता अडचणी सांगते. मी अकाउंट्समध्ये आहे, बायोलॉजी दहावीनंतर सुटली ती सुटलीच. पोहता येतं पण पूलमध्ये, खोल समुद्रात कधी उतरले नाही. बोट लागते, गेटवेहून मांडव्याला जाताना सुद्धा लागायची. शाकाहारी आहे, अंडं चालतं. आणि सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे यासाठी आपणच फी भरायची असते आणि ती काही थोडीथोडकी नाही. नवऱ्याचं म्हणणं, पैसे भरून राबायचं हा कुठला व्हॉलंटियरपणा, आणि मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. कुणी प्रत्यक्ष गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, तिथे नेमकं काय करतात आणि माझ्यासारखीचा तिथे खरंच काही उपयोग आहे का.

पश्चिमवारा

ताई, मी ग्लासगोला असतो आणि सिल्युरियनवरच जाऊन आलोय, त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

बायोलॉजीची चिंता अजिबात करू नका. बोटीवर स्किपर असतो, एक मेट म्हणजे त्याचा मदतनीस असतो आणि एक सायन्सची बाजू बघणारा किंवा बघणारी, बाकी आपण पाच-सहा व्हॉलंटियर. आधी सेफ्टीचं सगळं सांगतात आणि मग ट्रेनिंग, म्हणजे कुठला प्राणी कशावरून ओळखायचा, पाण्यावर अंतर कसं ठरवायचं, कोन कसा वाचायचा. माझ्यासोबत निवृत्त पोस्टमन होते, एक शाळेतल्या बाई होत्या आणि एक मुलगी नुकतीच डिग्री करून आलेली, आणि नजर सगळ्यात तयार कुणाची निघाली तर त्या पोस्टमन काकांची.

कामाचं सांगतो. सकाळी नांगर उचलला की दोघं जण पुढे डोलकाठीपाशी उभे राहतात, एकाने नाकासमोरून डावीकडे ९० अंश बघायचं आणि दुसऱ्याने तेवढंच उजवीकडे. मागे बघायचं नाही, दुसऱ्याच्या बाजूला डोकावायचं नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी पाणी चाळत राहायचं आणि काहीतरी हललं असं वाटलं की मग दुर्बीण. दिसलं की जोरात ओरडून सांगायचं, कुठला प्राणी, किती, कुठल्या कोनात, किती लांब, कुठल्या दिशेला चाललेत. खाली केबिनमध्ये तिसरा माणूस लॅपटॉपवर ते सगळं भरत असतो, जीपीएस त्यालाच जोडलेला. शिवाय दर थोड्या वेळाने समुद्र कसा आहे, लाटा किती, किती लांबवर दिसतंय, आजूबाजूला बोटी किती, खेकडे-लॉबस्टरच्या पिंजऱ्यांचे तरंगते बोये किती, हेही भरायचं. मग जागा बदलायच्या, डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा खाली, खालचा चहा करायला.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. तासच्या तास काहीही दिसत नाही. नुसतं करडं पाणी आणि वारा, नाक गळतंय, बोटं आखडलीयेत, आणि तरी तुम्ही ती पाव बाजू बघत उभे. पण ते 'काही नाही' सुद्धा नोंदलं जातं. बोट किती किलोमीटर गेली, कुठल्या हवेत गेली, किती डोळे पाण्यावर होते हे सगळं माहीत असतं म्हणून मग सांगता येतं की अमुक भागात एवढं फिरून एवढे प्राणी दिसले आणि तमुक भागात तेवढंच फिरून एकही नाही. टूरची बोट जिथे प्राणी असतात तिथेच जाते, त्यामुळे ती हे कधीच सांगू शकत नाही. मला तरी सगळ्या कामातलं हेच मोलाचं वाटलं, आणि तुम्ही अकाउंट्सवाल्या आहात म्हणजे शून्याची एंट्री सुद्धा एंट्रीच असते हे तुम्हाला मी काय सांगावं.

आणि एकदा दिसलं की मग मात्र काही विचारू नका. कोल बेटाच्या पश्चिमेला एका संध्याकाळी वारा पूर्ण पडला होता, पाणी तेलासारखं, आणि पहिल्यांदा वास आला. कुजक्या कोबीसारखा. सायन्सवाली म्हणाली नीट बघा, मिंकी व्हेल आहे. मिंकीचा फवारा सहसा दिसत नाही आणि बुडताना शेपटीही वर काढत नाही, नुसती लांबलचक काळी पाठ सरकत जाते आणि बऱ्याच उशिराने मागचा छोटा वळलेला पर दिसतो. सात-आठ मीटरचा प्राणी आणि किती गुपचूप.

खारे_दाणे

मी थोडं थंड पाणी ओततोय, राग मानू नका. मी एका दुसऱ्या देशात कासवांच्या प्रोजेक्टला असेच भरपूर पैसे भरून गेलो होतो, नाव घेत नाही. तिथे आमच्याकडून काम असं काही करून घेतलंच नाही, पिल्लं सोडताना फोटोला उभं केलं आणि संध्याकाळी गिटार. डेटाचं काय होतं विचारलं तर कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून माझं मत असं की पैसे घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारायचा, आम्ही लिहिलेलं पुढे कुठे जातं आणि त्याने आजवर काय बदललं. उत्तर नसेल तर सरळ त्या किनाऱ्यावरच्या ओबान गावाहून एक दिवसाची वाइल्डलाइफ टूर करा, प्राणी दिसण्याचा चान्स तिथे जास्तच आहे आणि रात्री हॉटेलात झोपाल.

पश्चिमवारा

खारे_दाणे, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि सगळ्यांनी तो विचारायलाच पाहिजे. या संस्थेच्या बाबतीत उत्तर आहे म्हणूनच मी इतकं लिहितोय.

संस्था १९९४ ची, आणि सिल्युरियनवरचे हे सर्व्हे २००३ पासून एकाच पद्धतीने चालू आहेत. बोट एक लाख किलोमीटरच्या वर फिरून झालीये, आणि त्यातला प्रत्येक टप्पा कुणीतरी डोलकाठीपाशी उभं राहून बघितलेला. पद्धत बदलली नाही हेच तिचं बळ, कारण वीस वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. हेब्रिडीजमध्ये कॉमन डॉल्फिन पूर्वीपेक्षा किती वाढलेत हे त्यातूनच कळतं.

डिसेंबर २०२० मध्ये स्कॉटलंडच्या सरकारने 'सी ऑफ द हेब्रिडीज' हा संरक्षित सागरी पट्टा जाहीर केला, खास मिंकी व्हेल आणि बास्किंग शार्कसाठी, त्यामागे या बोटीचा डेटा आहे. त्याआधी पॉरपॉइजसाठी इनर हेब्रिडीज आणि मिंच ही शेजारची सामुद्रधुनी मिळून सुमारे १३,८०० चौरस किलोमीटरचा पट्टा ठरला, त्यातही आहे. पॉरपॉइज म्हणजे जेमतेम दीड मीटरचा लाजाळू प्राणी, समुद्र जरा खवळला की दिसतच नाही. त्याच्यासाठी बोटीमागे १०० मीटर केबलवर पाण्यातला माइक ओढत नेतात, हायड्रोफोन. पॉरपॉइजचे क्लिक १३० किलोहर्ट्झच्या आसपास असतात, आपल्या कानाची धाव वीसपर्यंत, म्हणजे हेडफोन लावून काहीच ऐकू येणार नाही पण कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर रेषा उमटते. डोळ्याला काही नाही, कानाला काही नाही आणि तरी तो तिथे होता हे नोंदलं गेलं. डॉल्फिनच्या शिट्ट्या मात्र स्वच्छ ऐकू येतात. आणि सामन माशांच्या फार्मवर सील पळवायला जी आवाजाची यंत्रं लावायचे त्यांचा आवाजही याच माइकमध्ये किती दूरवरून पकडला गेलाय, तो व्हेल-डॉल्फिनलाही त्रासदायक, आणि तो प्रश्न लावून धरताना हे रेकॉर्डिंग कामी आलं.

अजून एक सांगतो, कारण बोटीवर हे ऐकल्यावर मला रात्रभर झोप आली नव्हती. या पश्चिम किनाऱ्यावर ऑर्काचा म्हणजे किलर व्हेलचा एक छोटासा वेगळा गट आहे, वेस्ट कोस्ट कम्युनिटी म्हणतात. त्यातली लुलू नावाची मादी जानेवारी २०१६ मध्ये टायरी बेटावर मेलेली सापडली, पिंजऱ्यांच्या दोरात अडकून गेली होती. तिच्या चरबीत पीसीबी हे रसायन किलोला ९५० मिलिग्रॅमच्या वर निघालं, आणि ९ मिलिग्रॅमच्या वर गेलं की अशा प्राण्यांच्या शरीरावर परिणाम होतो असं धरतात. वय किमान वीस, पण तिला कधीच पिल्लू झालं नसावं असं तपासणीत दिसलं. पीसीबीवर बंदी येऊन कितीतरी वर्षं झालीत आणि तरी ते समुद्रात आहेच. या गटात अभ्यास सुरू झाल्यापासून एकही पिल्लू दिसलेलं नाही, आता नियमित दिसतात ते दोनच म्हातारे नर, जॉन को आणि अ‍ॅक्वेरियस. जॉन कोच्या पाठीवरच्या पराला मुळाशी मोठी खाच आहे, त्यावरून तो लांबूनही ओळखता येतो. हा गट संपणार आहे. निदान तो नेमका कसा संपतोय याची नोंद असावी म्हणून कुणीतरी बघत राहायला हवं असं मला फार वाटतं, आणि तेवढ्यासाठी बोटीचं डिझेल, दुरुस्ती, क्रूचा पगार यात माझे पैसे गेले तर जाऊ देत. नवरोजींना हेच सांगा ताई, की आपण फिरायला म्हणून नव्हे, ही बोट पाण्यावर राहावी म्हणून पैसे भरतोय.

खारे_दाणे

पटलं. माझ्या वेळी कुणी असं उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. ताई, जा तुम्ही.

देवगडकर

वाचून बरं वाटलं. आमच्याकडे शिडाची बोट नाही पण काम चालू आहे म्हणून लिहितोय. सिंधुदुर्गात हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्याला अगदी लागून असतात, खाडीच्या तोंडाशी, आणि कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या मुलांनी इथे मच्छीमारांच्या बोटीवरूनच सर्व्हे केलेत, रांपणवाल्यांशी बसून बोलून माहिती गोळा केली. २०१५ मध्ये आपल्या किनाऱ्यासमोर ब्लू व्हेल दिसल्याची नोंद झाली तेव्हा किती लोकांना खरं वाटलं नव्हतं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक किनाऱ्याला लागून मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू वाळूत आलं तेव्हा गावातली माणसं, वनखातं, सगळे मिळून त्याला पाण्यात ढकलत होते, शेवटी वाचलं नाही. पण त्या पिल्लाची आई कुठे होती, असे व्हेल किती आहेत, कुठल्या महिन्यात येतात, हे सांगायला आपल्याकडे वीस वर्षांच्या नोंदी कुठे आहेत?

एक चांगली गोष्ट म्हणजे २०१८ च्या अखेरीला राज्य सरकारने योजना आणली की जाळ्यात डॉल्फिन, कासव, व्हेल शार्क असं काही संरक्षित अडकलं आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडलं तर २५ हजारांपर्यंत नुकसानभरपाई. त्यासाठी फोटो-व्हिडिओ द्यावा लागतो, म्हणजे प्रत्येक क्लेमबरोबर एक नोंदही होते. आमच्याकडचा खरा व्हॉलंटियर हा ट्रॉलरवरचा खलाशीच आहे. तुम्ही कुणी गावी याल तेव्हा तारकर्लीला डॉल्फिन बघायला जाल तर बोटवाल्याला एवढंच सांगा की मागे लावू नको, इंजिन बंद कर आणि थांब, दिसतात ते. आणि फोटो काढलात तर तारीख, वेळ, जागा लिहून मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्वेशन नेटवर्क ऑफ इंडियाच्या साइटवर टाका, तिथे कुणीही नोंद देऊ शकतं.

अवनीची_आई

किती छान लिहिलंत सगळ्यांनी! लुलूचं वाचून गलबलून आलं. नवऱ्याला पूर्ण धागा वाचायला दिला, तो काही बोलला नाही पण रात्री जेवताना विचारत होता की बोट कुठून सुटते, म्हणजे जमतंय बहुतेक.

आता बोट लागण्याचं कुणीतरी सांगा ना. आणि जेवणाचं. आणि कुठला महिना बरा?

ब्रिस्टलची_सई

बोट लागणाऱ्यांपैकी मी पण, दुसऱ्या एका शिडाच्या बोटीवर बरेच दिवस काढलेत म्हणून सांगते. गोळी उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, आदल्या रात्रीपासून सुरू करायची. सिनारिझिन इथे केमिस्टकडे मिळतं, पण बीपीची वगैरे काही औषधं चालू असतील तर आधी फार्मासिस्टला विचारा आणि एकदा घरी घेऊन बघा, कारण काहींना त्याने फार झोप येते आणि डोळे मिटायला लागले तर सर्व्हे कसला करणार. डेकवर असाल तोवर बहुतेक काही होत नाही कारण नजर क्षितिजावर असते. त्रास होतो तो खाली लॅपटॉपवर मान घालून टाइप करताना. तेव्हा पहिल्याच दिवशी सायन्सवालीला मोकळेपणाने सांगून ठेवा की मला खालची पाळी शांत पाण्यात द्या. कुणी नाही म्हणत नाही, त्यांना पण डेटा नीट हवा असतो. पोट रिकामं ठेवू नका, कोरडी बिस्किटं, आल्याची वडी खिशात ठेवा. रात्री बोट बहुधा एखाद्या लॉकमध्ये, म्हणजे खाडीसारख्या आत घुसलेल्या शांत पाण्यात नांगरतात, त्यामुळे झोप लागते. बंक मात्र अरुंद असतो, प्रायव्हसी जवळपास नाही आणि टॉयलेटचा पंप कसा चालवायचा हे नीट शिकून घ्या, शिडाच्या बोटीवरचं पहिलं ट्रेनिंग तेच.

पश्चिमवारा

सईने सगळं बरोबर सांगितलं. जेवण आळीपाळीने सगळे मिळून करतात, व्हेज असल्याचं बुकिंगच्या वेळीच कळवायचं म्हणजे सामान तसं भरतात. मी मसाल्याची छोटी पुडी आणि पोहे नेले होते, एका सकाळी सगळ्यांना कांदेपोहे खायला घातले, लिंबू टोबरमोरीच्या दुकानात मिळालं.

पोहण्याचं म्हणाल तर पाण्यात उतरायचंच नसतं, लाइफजॅकेट अंगावर असतं आणि स्किपर सांगेल ते ऐकायचं, बस. बोटीच्या पायऱ्या उभ्या असतात, डिंगीत म्हणजे छोट्या होडीत चढ-उतार करावी लागते, तेवढी गुडघ्यांची तयारी पाहिजे.

महिना म्हणाल तर जूनमध्ये रात्री साडेदहापर्यंत उजेड, जुलै-ऑगस्टला मिंकी आणि बास्किंग शार्कचा चान्स चांगला, पण हवा कधीही काहीही करते. रूट आधी ठरवून ठेवत नाहीत, वारा बघून स्किपर रोज ठरवतो. सेंट किल्डा या लांबच्या बेटांना जायचंच असं मनात धरून येणारे लोक नाराज होतात, तसं करू नका. वारा खूप असेल तर नजरेचा सर्व्हे थांबतो आणि एखाद्या खाडीत बसून राहावं लागतं. पुस्तक ठेवा. कपडे एकावर एक घालता येतील असे, ग्लोव्ह्जचे दोन जोड कारण एक ओलाच असतो, कानटोपी उन्हाळ्यातही. किनाऱ्यावर उतरलात तर मिज नावाचे बारीक डास संध्याकाळी फोडून काढतात, जाळीची टोपी दोन-चार पौंडांत मिळते ती घ्याच.

पुणेरी_पक्षी

मी पुण्यात एम.एस्सी. करतोय, धागा वाचून झोप उडालीये. भारतातून टुरिस्ट व्हिसावर येऊन असं व्हॉलंटियरिंग करता येतं का? की वेगळा व्हिसा लागतो?

पश्चिमवारा

नियमाप्रमाणे साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत चॅरिटीसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत व्हॉलंटियरिंग चालतं, पण येण्याचं मुख्य कारण ते नसावं. हा ट्रस्ट नोंदणीकृत चॅरिटी आहे. तरी नियम बदलत असतात, अर्ज करताना सरकारी साइटवर त्या दिवशीचं वाचा आणि ट्रस्टला ईमेल करून विचारा. आणि खर्चाचा विचार नीट कर रे मित्रा, फी, विमान, व्हिसा मिळून विद्यार्थ्याला फार होतं. त्याऐवजी देवगडकरांना मेसेज टाक, सिंधुदुर्गात हात लागतायत.

देवगडकर

टाक मेसेज. मराठी येणारी, समुद्राला न कंटाळणारी मुलं हवीच असतात, खलाशांशी बोलायला बसायचं म्हणजे भाषा पाहिजे. पावसाळा सोडून कधीही ये, होड्या वर काढलेल्या असताना येऊन उपयोग नाही.

अवनीची_आई

ट्रस्टला ईमेल टाकला. ऑगस्टच्या एका ट्रिपची चौकशी केलीये. ग्लासगोहून ट्रेन, मग ओबानहून फेरी असं बघतेय, बरोबर ना?

पश्चिमवारा

हो, ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून ओबान साधारण तीन तास, खिडकी डावीकडची घ्या. ओबानहून क्रेगन्यूरची फेरी आणि पुढे टोबरमोरीची बस. ऑगस्टमध्ये फेरीला गर्दी असते, तिकीट आधी काढा, आणि बोर्डिंगच्या आदल्या दिवशीच मलवर पोचा कारण वारा सुटला तर फेरी रद्द होते. निघायच्या आधी फोनवर ट्रस्टचं 'व्हेल ट्रॅक' अ‍ॅप टाकून ठेवा, फुकट आहे. फेरीच्या वरच्या डेकवर गेलात की अ‍ॅपमध्ये सर्व्हे चालू करा आणि क्रेगन्यूर येईपर्यंत साऊंड ऑफ मलच्या तोंडाशी पॉरपॉइज दिसतात का बघत राहा, नाही दिसले तरी सर्व्हे सबमिट करा.